टोपी काढलेली हार्ड डिस्क

बायको गेली, त्याच पावसाळ्यात घरातला कॉम्प्युटरही गेला. माणूस गेल्यावर गल्ली जमते, ह्याला बघायला एकटा दुकानदार आला. आतला बोर्ड जळलाय म्हणाला, पण हार्ड डिस्क धड होती. माझा जीव तिच्यातच अडकलेला. बायकोचे फोटो भिंतीवर आहेत, पण तिचं बोलणं तेवढं त्या डिस्कमधीच होतं.

लेकीनं रिकामा डबा आणला. त्यात डिस्क बसवायची, डब्याची वायर तिच्या लॅपटॉपला लावायची, झालं.

"अप्पा, भाकरी टाकते, मग बसवू."

"तू भाकरीच टाक. मी हाय की."

शाळा चौथीपर्यंत, पण शिरोलीच्या कारखान्यात मशिनं जोडण्यात माझा जन्म गेला. डबा उलटासुलटा केला. ॲल्युमिनियमचा, पाठीवर पन्हाळी पाडलेल्या, उष्णता बाहेर जायला. कारखान्यातल्या विजेच्या मोटारींच्या अंगावर असतात तशाच. आत हिरवी पट्टी, तिच्यातनं दोन वायरी. एक करंटची, एक रुंद, चपटी. चपटीच्या तोंडातलं मधलं एक भोक मुद्दाम बुजवलेलं, म्हणजे उलटी बसतच नाही. ज्यानं हे केलं त्याला आमच्यासारखी माणसं चांगली ठाऊक असणार.

डिस्कच्या मागं, दोन्ही वायरींच्या जागांमधी, बारक्या पिनांवर प्लास्टिकची एक टोपी होती. कारखान्यात नवा पंप यायचा तो तोंडाला टोपी घालूनच, आत धूळ जाऊ नये म्हणून. जोडायच्या आधी ती काढायची, नाहीतर फोरमन सात पिढ्या काढायचा. मी चिमट्यानं टोपी उपटली, वायरी बसवल्या, स्क्रू आवळले.

दिवा लागला. डिस्क घुमायला लागली. लॅपटॉपवर मात्र काही येईना. काढून परत लावलं, तरी न्हाय. म्हटलं, हिला दुसऱ्यांदा घालवलं आपण.

लेक पिठाच्या हातानं आली. डब्याच्या खोक्यावरचं चित्र बघितलं, मग डिस्क.

"अप्पा, हितली टोपी?"

"काढली की. पॅकिंगची हुती."

"कसली पॅकिंगची! डिस्कनं कसं चालायचं ते त्या टोपीवर ठरतंय. कुठं टाकलीसा?"

"केरात."

"धन्य हाय तुमची! बसा आता हुडकत."

दोघं केर चिवडत बसलो. लसणाच्या सालीत सापडली. फुंकून जागेवर बसवली.

आणि लॅपटॉपवर सगळं आलं. लेकीनं पाहिजे ते शूटिंग उघडलं, तर त्यात मीच! मांडी घालून जेवतोय, मान ताटात. कॅमेरा बायकोच्या हातात, त्यामुळं ती दिसेना कुठंच. मागनं नुसता आवाज: "वर बघा की जरा! मटण काय पळून जातंय व्हय?" आणि लागली हसायला. हसताना तिचा हात हलला, तसा मी ताटासकट हलायला लागलो.

लेकीच्या डोळ्यांत पाणी. "आई दिसंनाच की ओ."

"दिसायला फोटो हाईत. गप, ऐकू दे. आवाज वाढव आणि परत लाव."