लोके काय म्हनतस, नाना?

उजू गेल्याचा फोन आला तेव्हा मी पतसंस्थेत माझ्या टेबलावर होतो आणि समोर दोन माणसं उभी होती. फोन जावईबापूंचा, म्हणजे उजूच्या नवऱ्याचा. "नाना, गई ती," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी समोरच्यांचं काम पुरं केलं, शिक्का मारला आणि मगच उठलो. घरची माणसं याला माझा धीर म्हणतात. नाना कमी बोलतो, प्रसंगाला डगमगत नाही, असं सगळीकडे सांगतात. खरं इतकंच आहे की मला वेळेवर बोलता येत नाही. या घरात हे फक्त उजूने ओळखलं होतं, आणि ती ते हसत हसत मला जन्मभर ऐकवत राहिली.

उजू म्हणजे उज्ज्वला, माझ्या थोरल्या भावाची एकुलती मुलगी. भावाला आम्ही जिभाऊ म्हणायचो. जिभाऊ आणि वहिनी दोघंही आता नाहीत. मी जे लिहिणार आहे त्याचा जाब विचारणारं माझ्या घरात कोणी उरलेलं नाही. मला आज लिहिण्याचं धैर्य होतं आहे ते बहुधा त्यामुळेच. हेही आधीच सांगून ठेवतो.

आमचं गाव शहाद्याच्या खाली, तापीच्या अंगाला. कापूस, केळी, थोडा ऊस. उजू लहानपणापासून नकलाकार. कापसाच्या गाडीवर चढून ती एसटी स्टँडवरच्या माईकचा आवाज काढायची, "शहादा-नंदुरबार गाडी फलाटावर लागलेली आहे, प्रवाशांनी चाकाखाली बसू नये..." वेचणीच्या बाया हसून ओटीतला कापूस सांडायच्या. गुरुजींची, भटजींची, शेजारच्या आबांच्या खोकल्याची, सगळ्यांची नक्कल तिच्याकडे होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शहाद्याला जायचं तर कॉलेजच्या पोरांनी भरलेली गाडी, आणि त्या गाडीने आमच्याकडच्या मुली जात नव्हत्या. तेव्हा गुरुजींनीच जिभाऊंना सुचवलं की खांडबाऱ्याकडे मिशनची मुलींची शाळा आहे, वसतिगृहही आहे, पोरीला तिथे टाका.

त्या संध्याकाळी ओट्यावर झालेलं बोलणं मला अजून आठवतं. जिभाऊ, वहिनी, शेजारचे आबा आणि मी. उजू दाराआड.

"तठे पोरीसले वळण लावतस म्हने," वहिनी म्हणाली.

"वळण लावतस, पन कोनतं?" आबा म्हणाले. "एकच पंगत ऱ्हास तठे. डोंगरवरन्या पोरी बी आनि आपल्या बी."

"मंग काय व्हयनं? भूक त् समदीसले सारखीच लागस."

"आनि देवनं नाव घेऊ देतस का नही, हाई कोन सांगी?" जिभाऊंची काळजी तिथे अडकली होती. मग ते माझ्याकडे वळले. "तू शिकेल शे. जाय, चौकशी करीसन ये."

घरात बी.कॉम. झालेला मी एकटा. लोणखेड्याच्या कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. चौकशी कशी करतात हे मला ठाऊक होतं, कारण आमच्याकडे ती एकाच कामासाठी केली जायची, सोयरिकीसाठी. मुलाच्या गावी जायचं, त्याच्या घरी मात्र जायचं नाही. समोरच्या टपरीवर बसायचं, न्हाव्याला विचारायचं, गाडीच्या कंडक्टरला विचारायचं. त्या घरचं पाणी प्यायचं नाही, कारण पाणी प्यालं की निम्मा होकार गेला. शाळेची चौकशी मी तशीच केली. मुलीला द्यायचं घर आणि मुलीला शिकवायची शाळा यांत काही फरक असतो, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नंदुरबारहून पॅसेंजरने खांडबारा, पुढे जीप. शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी होती. टपरीवाला बोलका निघाला. "शाळा एकदम कडक. दिवे लागले की गेट बंद. मंत्री आला तरी उघडायचे नाहीत!" त्याची बहीण तिथेच शिकून नर्स झाली होती. पूजाअर्चेचं विचारलं तर म्हणाला, "ज्याचा देव त्याच्यापाशी. माझी बहीण चतुर्थी धरते अजून." जीपवाल्यानेही चांगलंच सांगितलं. सायकलवर बोरं विकणारी एक बाई होती, तीही म्हणाली की पोरी लाजऱ्या येतात आणि धीट होऊन जातात. वाईट असं कोणी एक अक्षरही बोललं नाही. मी तिथे दोन चहा घेतले. फाटकातून एक वयस्कर सिस्टर बाहेर आल्या. मी बराच वेळ बसलेला त्यांनी पाहिला असावा. "उन्हात का बसलात? आत या, पाणी घ्या, शाळा बघून जा." मी म्हणालो, "नको, गाडीची वेळ झाली." गाडीला बराच अवकाश होता. मी तो स्टेशनच्या बाकावर बसून काढला.

त्या बाकावर माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी घरी जाऊन शाळा चांगली आहे म्हणालो, आणि पोरीला तिथे काही झालं, ती आजारी पडली, तिचं मन उडालं, कोणी काही बोललं... तर जन्मभर बोट माझ्याकडे. नानाने सांगितलं म्हणून टाकली. आणि नको म्हणालो तर? नको म्हणणाऱ्याला कोणी कधी विचारायला येत नाही. मुलगी घरात असते, सगळं जागच्या जागी असतं, आणि जे झालंच नाही त्याचा हिशेब कोण मागणार? पंगतीचंही मनात होतं, ते लपवत नाही. आबा बोलले ते मला आवडलं नव्हतं, पण माझ्या आत कुठेतरी त्याला मान हलली होती.

घरी आलो तेव्हा तिघंही ओट्यावर वाट बघत होते. "काय म्हनतस लोके?" वहिनीने विचारलं. मी चप्पल काढता काढता म्हणालो, "तसं काही नही... पन लोके काही बरं बोलतस नही."

कोण लोक, काय बोलतात, एकानेही विचारलं नाही. सोयरिकीतही विचारत नाहीत. एवढं वाक्य पुरतं. जिभाऊ म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे." वहिनी उठून आत गेली.

जिभाऊंच्या मनातच नव्हतं, मी फक्त त्यांना हवं ते बोललो, अशी समजूत मी कित्येक वर्षं स्वतःची घालत आलो. ती खोटी आहे. मी आत गेलो तेव्हा मधल्या खोलीत नवी पत्र्याची पेटी होती. मी चौकशीला गेलो त्याच दिवशी जिभाऊ शहाद्याला जाऊन ती घेऊन आले होते. वर पेंटरकडून पांढऱ्या रंगात लिहून घेतलं होतं: कु. उज्ज्वला, इयत्ता ८ वी. रंग अजून ओला होता. उजू पेटीजवळ बसली होती आणि हात लागू नये म्हणून दोन्ही हात मांडीत धरून होती.

ती रडली नाही. मी शहाद्याच्या पतसंस्थेत लागलो आणि पुढच्या वेळी तिथून घरी आलो तेव्हा दारातच तिने माझी नक्कल केली. तोच आवाज, तसंच चप्पल काढता काढता, खाली बघत... "तसं काही नही, पन लोके काही बरं बोलतस नही!" सगळे हसले. जिभाऊ हसले, वहिनीसुद्धा. मीही हसलो. तेव्हापासून मी दिसलो की तिचं ठरलेलं, "लोके काय म्हनतस, नाना?" घरात तो विनोद होऊन बसला. पाहुण्यांनाही माहीत झाला. तो विनोद नव्हता हे आम्हा दोघांना कळत होतं, आणि आम्ही तो तसाच चालू दिला.

आठवी झाली नाही. स्वयंपाक, वेचणी, धुणं. अठरा पुरी होताच सोयरीक आली. त्या वेळी चौकशीला जिभाऊंनी मलाच सांगितलं, तर मी पाठदुखीचं निमित्त करून घरी झोपून राहिलो. सासर वाईट मिळालं नाही. नवरा कष्टाळू, सासू तोंडाची फटकळ पण उपाशी ठेवणारी नव्हे. उजूने ती पेटी सासरी नेली. त्यात गोधड्या ठेवायची. मी गेलो की पेटीवरच बसायला सांगायची, घरात दोन खुर्च्या असल्या तरी. "बठा नाना, आठवीवर बठा." मी बसायचो.

गेल्या वर्षी तिच्या छातीत गाठ झाली. तिने ती कापसाच्या हंगामात कोणाला सांगितली नाही. सुरतेला नेलं तोवर गाठ काखेपर्यंत गेली होती. शाळेत गेली असती तर वाचली असती, असं मी म्हणणार नाही. शिकलेल्या बायाही गाठी लपवतात. पण माझ्या डोक्यात ते येतं, आणि ते येऊ नये म्हणून काय करायचं हे मला माहीत नाही.

सुरतेहून परत पाठवलं तेव्हा मी तिला भेटायला गेलो. अंगणात उन्हात खाट टाकलेली. केस गेलेले, डोक्याला रुमाल, पण डोळे तेच. तिची मुलगी भागी, सातवीतली, पाण्याचा तांब्या ठेवून गेली. उजूने ती आत जाईपर्यंत वाट पाहिली.

"नाना, भागीले त्याच शाळामा टाकनं शे. मन्हा शब्द आठे चालस नही. तुमना चाली. तुम्ही सांगा."

"पाहू," मी म्हणालो.

"पाहू नही. सांगा." या वेळी नक्कल नव्हती, हसणं नव्हतं. "एक सांगा. त्या लोके कोन व्हतात हो?"

इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हणालो, "गोळी लिधी का तू?"

ती माझ्याकडे बघत राहिली... मग हसली. "लिधी नाना," म्हणाली आणि कूस बदलली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तेराव्याला पंगत उठल्यावर मी जावईबापूंना बाजूला घेतलं आणि भागीच्या शाळेचं काढलं. ते नम्रपणे ऐकत होते. मग म्हणाले, "नाना, त्या शाळाबद्दल लोके काही बरं बोलतस नही."

"कोन लोके?"

"आवो, समदाच. तुमना गावकडथीनच त् ऐकेल शे."

मी हात धुवायच्या मोरीपाशी उभा होतो. पाणी वाहत राहिलं. माझं वाक्य इतकी वर्षं गावोगाव फिरून, कुठे न थांबता, माझ्यासमोर येऊन उभं होतं. शब्दसुद्धा बदललेला नव्हता. ते लोक म्हणजे मी होतो. माझ्याशिवाय त्यात कोणीही नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी एकटा खांडबाऱ्याला गेलो. टपरीच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. फाटकातून आत गेलो. त्या सिस्टर कधीच वारल्या होत्या. दुसऱ्या एकीने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी प्यालो. आत काय होतं? लिंबाचं झाड, त्याखाली हापसा, ताटं घासणाऱ्या मुली. तोरणमाळच्या डोंगरातली एक मुलगी आणि आमच्या बाजूची एक, दोघी एका घमेल्यातली राख घेऊन भांडत होत्या आणि हसत होत्या. भिंतीवर वेळापत्रक. चुलीचा धूर. एवढंच होतं आत.

तिथून थेट उजूच्या घरी गेलो आणि ओट्यावर सगळ्यांसमोर बोललो. कोणीही वाईट बोललं नव्हतं, मी घाबरलो होतो म्हणून बोललो, असं सरळ सांगितलं. जावईबापू खाली मान घालून ऐकत राहिले. उजूची सासू म्हणाली, "इतला वरीस गप बसनात, आते कसाले सांगी ऱ्हायनात?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "आनि आते घरमा भाकरी कोन करी, नाना? मन्हा हात चालतस नही."

"पुढला वरीसले पाहू," जावईबापू म्हणाले.

त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. घरात खरंच दुसरं कोणी नाही. पण पुढचं वर्ष म्हणजे काय हे मला कळतं, आणि भागीलाही कळलेलं दिसलं.

हे पेपरच्या पुरवणीत लिहितो आहे ते एवढ्यासाठी की आमच्याकडे चौकशीला निघालेला माणूस टपरीवर बसून पेपरही वाचतो. त्याने हे वाचावं. मुलींच्या कुठल्याही शाळेची चौकशी करायची असेल तर आत जावं, पाणी प्यावं.

मी निघताना पेटीपाशी थांबलो. गोधड्या काढून आता तिच्यात ज्वारी भरली आहे. पांढरा रंग ठिकठिकाणी उडाला, पण आठवी वाचता येते. भागी चुलीपुढून उठून, पिठाचे हात तसेच धरून बाहेर आली आणि पेटीवर टेकली. तिचा आवाज हुबेहूब आईचा. पण ती नक्कल करत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लोके काय म्हनतस, नाना?"

मी पहिल्यांदाच उत्तर दिलं. लिंबाचं झाड सांगितलं, हापसा सांगितला, राखेवरून भांडणाऱ्या दोघी सांगितल्या. दिवे लागले की फाटक कसं बंद होतं तेही सांगितलं. ती एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेत होती, पाय पेटीला टेकवून. आतून तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तशी ती उठली आणि आत गेली.