खुंटीवरचं बसकर

उन्हात तापलेल्या गोणपाटाला एक वास असतो. थोडा धुळीचा, थोडा जुन्या धान्याचा, आणि एखादं लहान मूल त्यावर बसत असेल तर ओल्या पाटीचाही. हिवाळ्यात गच्चीवर गाद्या वाळत घातल्या की ट्रंकेच्या तळाचं एक बसकरही मी त्यांच्या शेजारी पसरते. दुपारी ते उचलताना तो वास येतो, आणि प्रतापनगरातलं आमचं पहिलं घर, समोरचे मोकळे प्लॉट, त्यांतून शाळेकडे जाणारी पायवाट असं सारं डोळ्यांपुढे उभं राहतं. बाळांनो, तुमच्या तिकडच्या शाळेत खुर्च्या आहेत, म्हणून बसकर म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे पहिली-दुसरीची मुलं फरशीवर बसत, आणि ज्यानं त्यानं आपापलं बसकर घरून न्यायचं असे. गोणपाटाचा एक चौकोनी तुकडा, कडेला जुन्या लुगड्याची पट्टी. सकाळी गुंडाळी करून काखेत मारायची, शाळा सुटली की तशीच परत आणायची.

तुमची आई, म्हणजे आमची बेबी, पहिलीत गेली तेव्हा मी सुताराकडून तिच्या हाताला येईल अशी एक खुंटी ठोकून घेतली. वस्तूला जागा मिळाली की मनालाही शिस्त लागते, अशी माझी आपली समजूत. खुंटीवर दप्तर, दप्तरात पाटी आणि डबीत ओलं फडकं, वर बसकराची गुंडाळी. "हे सगळं तुझं," मी तिला सांगितलं, "न्यायचं तूच, आणायचं तूच. विसरलीस तर आई मागून धावत येणार नाही." तिनं मान डोलावली. मान डोलावणं किती सोपं असतं त्या वयात! एखादी वस्तू आपली आहे हे मुलाला खरं कळतं केव्हा? ती हातात असताना, की नसताना?

जानेवारीतल्या एका सकाळी दप्तर गेलं आणि बसकर खुंटीवरच राहिलं. नागपूरची थंडी थोडेच दिवस असते, पण त्या दिवसांत शहाबादी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे बाबा म्हणत असू, गिरणीतून निवृत्त होऊन घरीच असत. त्यांनी ते पाहिलं. "बेबीचं राह्यलं वं हे. मी देऊन येतो."

"नको बाबा. आज फरशी थंड लागली की उद्या आपोआप आठवेल."

"काहून वं? एवढ्या थंडीत लेकराले फरशीवर बसवून राह्यली तू? इंग्रजी शिकून हेच आलं काय तुले?"

मी हसले. ते हसले नाहीत. आणि का हसले नाहीत, ते क्षणभरानं माझ्या ध्यानात आलं.

बाबांच्या लहानपणी आमच्या समाजाच्या मुलांना वर्गाच्या आत बसू देत नसत. घरून पोतं न्यायचं, दाराबाहेरच्या ओसरीवर अंथरायचं, ऐकू येईल तेवढं शिकायचं, आणि सुटताना पोतं उचलून न्यायचं. ते तिथल्या कशाला लागता कामा नये. बाबा असे थोडंफार शिकले आणि मग गिरणीत लागले. पुढे दीक्षा झाली, घर बदललं, घरात शिकलेली सून आली. पण काखेत गोणपाट घेऊन शाळेला निघालेली नात दिसली की बाबा अजूनही नजर दुसरीकडे वळवत. मला ज्या वस्तूतून मुलीला जबाबदारी शिकवायची होती, त्याच वस्तूचा त्यांच्या हाताला केवढा निराळा भार! थंडीचं भय त्यांना नव्हतंच. आपल्या नातीपाशी आज बसायला काही नाही. मग ती कुठे बसेल, कुठे बसवतील तिला, हे त्यांचं भय होतं.

मी पुन्हा नको म्हटलं नाही. त्यांनी गुंडाळी काखेत घेतली आणि त्या वयात पुन्हा एकदा शाळेची वाट धरली. मी दारातून पाहत राहिले.

परतले तेव्हा बसकर काखेतच होतं. "दिलं नाही?" मी विचारलं.

"कायले देऊ? खिडकीतून पाह्यलं मी. बाजूच्या पोरीच्या बसकरावर अर्धी बसून राह्यली ते. अर्धी कायची, पाऊण! त्या बिचारीले निरा कोपरा उरला, अन् आपली बेबी मांडी ठोकून, जशी काही मालकीणच!"

"आणि ती मुलगी काही म्हणाली नाही?"

"काय म्हनंन? तिनंच सरकून जागा देली असंन ना वं." एवढं बोलून ते खुंटीकडे वळले, बसकर टांगलं, आणि पाठमोरे उभे राहून त्याची कड हातानं सारखी करत राहिले. ती सारखीच होती.

संध्याकाळी बेबी आली ती तक्रार घेऊनच. "आई, हे बसकर लहान आहे."

"तुझ्यापुरतं आहे की."

"पण उद्या सुमी माझ्या बसकरावर बसणार आहे. मी आज तिच्या बसकरावर बसले ना!"

बाबा उठून गोणपाटाचा आणखी एक तुकडा घेऊन आले. दाभणात सुतळी ओवून त्यांनी ते तिच्या हाती दिलं, आणि तिनं तो तुकडा जुन्याला जोडला. टाके असे वाकडेतिकडे, की माझे हात उसवायला शिवशिवत होते. "राहू दे वं," बाबा म्हणाले, "तिचं हाय ते." मी हात मागे घेतला. त्यानंतर ते बसकर खुंटीवर विसरलेलं मी पाहिलं नाही. त्यावर आता आणखी कुणाची तरी जागा होती.

धाकट्याचे हातमोजे पुन्हा शाळेत राहिले, असं तुमच्या आईनं कळवलंय. रागावली असेल, मीही रागावले असते. पण तुमच्यासाठी तिनं एक खुंटी जरा खालीच ठोकली आहे, हेही तिनं लिहिलंय, आणि ते वाचून मला फार बरं वाटलं.

आज गच्चीवरून बसकर खाली आणलं, घडी घालण्याआधी उजेडापुढे धरलं. मधली शिवण तशीच वाकडी आहे. तिच्या दोन्ही बाजू मात्र सारख्याच विरल्या आहेत.