वच्छलाबाईंना न आठवणारा चेहरा

धामणगाव बढ्याच्या वच्छलाबाई पाच वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. आईचा फोटो नव्हता. त्यांच्याजवळ होती ती एकच आठवण. थंडीचे दिवस, बांधाच्या कडेला गोवऱ्यांची आगटी, आणि आई भाजलेलं कणीस तळहातावर चोळतेय, फुंकर घालून कोंडा उडवतेय, गरम हुरडा लेकीच्या तोंडात घालतेय.

एवढ्यावर त्यांनी साठ वर्षं काढली. सासरी पहिल्यांदा बोल लागला तेव्हा गोठ्यात जाऊन हेच आठवलं. बाळंतपणाच्या कळांमध्ये हेच. मिरच्या निंदतानाही हेच. त्यांची लेक छाया ही गोष्ट ऐकतच मोठी झाली. शाळेत मास्तरीण झाली, आणि एकदा माहेरी आली असताना सहज बोलून गेली, "आई, मी लहान होती तवा तू आजीच्या लुगड्याचा रंग सांगतच नव्हती. मंग हिरवं म्हनाले लागली. आता जांभळं म्हनतं."

"जांभळंच होतं," वच्छलाबाई म्हणाल्या. पण मनात कुठेतरी खटकलं.

त्या दिवसापासून त्या ही आठवण तपासून बघू लागल्या. डोळे मिटले की हात दिसायचे, आगटी दिसायची. नजर वर नेली की चेहरा मात्र छायाचा. लग्नात उभी होती तेव्हाचा, हळदीने पिवळा झालेला. आई सव्विसाव्या वर्षी गेली होती. आपण तिच्याहून कधी मोठ्या झालो आणि तिच्या जागी लेकीला कधी बसवलं, याचा वच्छलाबाईंना पत्ताच नव्हता.

आईला पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं. बीबी गावची सुभद्रा मावशी. वय ऐंशीच्या पुढे. वच्छलाबाईंनी पिशवी भरली आणि बुलढाणा, चिखली, मेहकर अशा गाड्या बदलत तिसऱ्या प्रहरी बीबी गाठली.

मावशीच्या सुनेनं, पुष्पांजलीनं, पाण्याचा तांब्या देताना हळूच सांगितलं, "ताई, त्याहीले सकाळचं जेवन याद नाही राह्यत. पन जुनं इचारा, सारं सांगतीन."

खरंच होतं ते. मावशीनं आजोबांच्या बैलांची नावंसुद्धा सांगितली. मग वच्छलाबाईंनी हुरड्याचं काढलं, तशी मावशी हसली.

"तो तं म्या चारला तुले."

"तू? नाही वं मावशी, आईनं."

"रुक्मिणी कशी चारन? तिले छातीचा रोग. डाक्टरनं बजावलं होतं, लेकरू जवळ येऊ देऊ नका. म्हनून तं मले आनलं होतं तुले सांभाळाले. ती तिकडं वावरातल्या झोपडीच्या दारात खाटेवर बसे. तू आई पाह्यजे म्हनून रडली का तोंड फिरवून घेई. वरीसभर तुले हात नाही लावला तिनं."

वच्छलाबाई मावशीच्या जवळ सरकल्या.

"पन ध्यान सारं तुह्याकडं," मावशी म्हणाली. "तिथूनच वरडे, सुभद्रे, फुकून दे वं, तोंड भाजन तिचं!"

वच्छलाबाईंनी विचारलं, "मावशी, दिसाले कशी होती?"

"कपाळ रुंद. डाव्या भुवईत खाच. हासली का डोळे बारीक होत."

वच्छलाबाईंनी रुंद कपाळ आणून पाहिलं, खाच आणून पाहिली. काही जुळेना. कुण्या परक्या बाईचं वर्णन ऐकावं तसं झालं. परतताना गाडीत त्यांना वाटलं, आपण कशाला आलो? होतं तेही गेलं.

त्या वर्षी शेजारणीने हुरडा आणून दिला, तो त्यांनी तसाच वाटून टाकला. छायाला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आजी सारा टाइम तुले पाहूनच राह्यली होती."

ते मात्र मनात रुतलं. चार हात लांब खाटेवर आई बसलेली होती, वर्षभर, आणि आपल्याला ती आठवतच नाही! भाजी तोडता तोडता त्या थांबत आणि तो आवाज ऐकायचा प्रयत्न करत. कधी ऐकू आल्यासारखा वाटे. मग कळे की आपणच पुटपुटतोय.

वर्षाने त्या पुन्हा बीबीला गेल्या. आणखी काही विचारायचं होतं. पण मावशीनं या खेपेला ओळखलं नाही. बैलांची नावंही गेली होती. पुष्पांजलीने दोनदा सांगितलं, "धामणगावच्या ताई आल्या." मावशी नुसती बघत राहिली.

वच्छलाबाईंनी तिचा हात हातात घेतला. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. एक आजारी बाई होती. तिची धाकटी बहीण होती, त्या बाईच्या लेकीला हुरडा चारायची. आई लांबून ओरडायची, फुकून दे म्हणून. मावशी मन लावून ऐकत होती, पहिल्यांदाच ऐकावं तशी. गोष्ट संपली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मंग त्या पोरीचं काय झालं वं?" तिने विचारलं.

"मोठी झाली," वच्छलाबाई म्हणाल्या. "धामणगावले देल्ली तिले. बरं चाललं तिचं."

"आईची याद करत असन."

"हाव," वच्छलाबाई म्हणाल्या. "करते."