बाबूंनी वाचलेला पंचनामा

तालुक्याच्या निबंधक कार्यालयातले ते बाबू कुणालाच "न्हाई" म्हणत नसत. "बघू की" म्हणायचे, सुपारी कातरायचे आणि पुन्हा "बघू की" म्हणायचे.

दुष्काळात आमच्या सहकारी सोसायटीनं चारा छावणी काढली होती. तिथं पत्त्यांचा तिरट जुगार खेळताना पोलिसांनी माणसं धरली. पुढं सोसायटीची निवडणूक लागली, तसे चेअरमन गावभर सांगू लागले, असं काही घडलंच नाही. मी सभासद. खटल्याचे कागद निबंधकांकडे आलेत असं कळलं, म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला.

बऱ्याच "बघू की"नंतर बाबूंनी फाईल काढली आणि ते कीर्तनकारासारख्या खड्या आवाजात पंचनामा वाचायला लागले. चेअरमनचं नाव आलं. मग बाबू थांबले, खाकरले आणि तितक्याच खड्या आवाजात त्यांनी स्वतःचं नाव वाचलं.

"तुमी?" मी विचारलं.

"छावणीच्या तपासणीला गेलतो. बसा म्हणले, बसलो."

"मग तेवढं नाव झाकायचं ना, बाबू!"

"कावून? चेअरमनचं उघडं आन् माझं झाकलेलं, बरं दिसतं का?"

त्यांनी प्रतीवर शिक्का मारला, ऐटीत सही केली. मला त्या माणसाचा लई आदर वाटला.

मी दारात पोचलो, तशी मागून हळूच हाक आली.

"आमच्या गल्लीतनं जाताना कागद पिशवीत ठेवा बरं का. पळताना गव्हाणीत पडून माझा हात मोडला. मंडळीला सांगितलंय, म्हशीनं ढुशी दिली."