बिजागरीतला तांदूळ

नवा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हाच तो कुरकुरला. मला वाटलं, नवा आहे, चार दिवसांत सैल होईल. बाबा शेजारी बसले होते. म्हणाले, "अगं, हा तर माझ्या गुडघ्यांसारखा बोलतो!" आम्ही दोघंही हसलो. आता मला त्या हसण्याचाही राग येतो.

लॅपटॉप मी एकाच कामासाठी घेतला होता. आजोबांची एक जाड वही आमच्याकडे आहे. बडोदा संस्थानच्या नोकरीत ते डभोईला कारकून होते आणि दिवसाच्या चार ओळी मोडीत लिहून ठेवायचे. अक्षर घाईचं, शब्द अर्धे, घरच्या माणसांच्या नावांऐवजी नुसत्या खुणा. मोडी वाचणारे जाणकार बडोद्यात अजूनही सापडतील, पण त्यातली कुठली खूण म्हणजे आत्या आणि कुठली म्हणजे शेजारचे वकील, हे फक्त बाबांना ठाऊक. ते लहानपणी आजोबांजवळ बसून त्याच वहीवरून मोडी शिकले होते. मलाही शिकवायला निघाले होते एकदा, मला वेळ नव्हता. बाबांचं वय चौऱ्याऐंशी. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच गेलेला, आणि उजव्याबद्दल डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "जे वाचायचं असेल ते आत्ताच वाचून घेऊ द्या." मी शिक्षिका, माझी शाळा दुपारची. म्हणून ठरलं, सकाळी बाबांनी भिंग घेऊन वाचायचं आणि मी टाइप करायचं.

सयाजीगंजातल्या दुकानदाराने लॅपटॉप दोन बोटांत उचलून दाखवला होता. "जुओ बेन, केटलुं हलकुं!" हलकं का, ते घरी आल्यावर कळलं. तळहात टेकला की उजवीकडचं प्लॅस्टिक खाली दबायचं आणि हात उचलला की टक्‌ करून वर यायचं. झाकण एका कोपऱ्याने धरलं तर पापडासारखं वाकायचं. वरून चंदेरी रंग, अगदी धातूचा भास. बडा घर पोकळ वासा. इतर कुणाला त्या टक्‌चं काही वाटलं नसतं, पण बाबा एकेक अक्षर सोडवत जायचे. आवाज झाला की दचकायचे, भिंग हलायचं आणि ओळ हरवायची. मग पुन्हा वरून शोधायची. मी हाताखाली रुमालाची घडी ठेवून टाइप करायला शिकले. रडतखडत का होईना, पानं होत होती. एका पानावर आजोबांनी आजीशी झालेलं भांडण लिहिलं होतं. ते वाचताना बाबा इतके लाजले की दोन ओळी गाळूनच पुढे गेले. मी त्या वदवून घेतल्या.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला ज्यावर घर चालतं ती हत्यारं पुजतात. विळी, कात्री, पान्हे, बाबांचं शाईचं पेन. यंदा बाबांनी स्वतः लॅपटॉप पाटावर मांडला, तोही उघडून. गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि मूठभर अक्षता वरून टाकल्या. "आपलं खरं हत्यार हेच," म्हणाले. मी समोर उभी होते. अडवायचं सुचलंही नाही. उलट फोटो काढला.

चौथ्या दिवशी झाकण उघडताना कट्‌ असा आवाज झाला आणि पडदा डावीकडून निखळून लोंबायला लागला. ज्या प्लॅस्टिकच्या कपचीत बिजागरीचा स्क्रू बसवला होता, ती कपचीच तुटली होती. लोखंडी बिजागरी अभंग आणि तिला धरणारं प्लॅस्टिक बिस्किटाच्या जाडीचं!

दुरुस्ती केंद्रातल्या माणसाने तो माझ्यासमोरच खोलला आणि चिमट्याने एक दाणा काढून टेबलावर ठेवला. कुंकवाने लाल झालेला तांदूळ. "बेन, आ वॉरंटीमां नहीं आवे. हिंजमांथी चोखा नीकळ्या." म्हणजे चूक आमची. मी म्हटलं, "भाई, तांदळाने स्क्रू उपटतो का? हे प्लॅस्टिक बघा ना!" तो म्हणाला, "कंपनीला फोटो पाठवतो. ते म्हणतील ते खरं." चोर सोडून संन्याशाला फाशी. माझं डोकं फिरलं. पदरचे पैसे देऊन तो चार दिवसांत दुरुस्त झाला असता. मी दिले नाहीत. म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ईमेल लिहिले, फोन केले, तेच संगीत कानाला लावून अर्धा अर्धा तास उभी राहिले.

घरी आल्यावर बाबांनाही सोडलं नाही. "कुणी सांगितलं होतं त्या मूठभर अक्षता टाकायला?" असं मी बोलले. तो तांदूळ दोषी नव्हता हे मी केंद्रात ओरडून सांगून आले होते, आणि घरी तोच तांदूळ बाबांच्या माथी मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी वही आणि भिंग घेऊन बसले. शेजारी एक कोरी वही आणि पेन ठेवलं होतं. "लॅपटॉप येईल तेव्हा येईल. तू हाताने लिहून घे. वांधो नाही, मी हळू वाचतो."

मी म्हटलं, "बाबा, हाताने लिहायचं आणि मग पुन्हा टाइप करायचं, दुप्पट काम. आठ-दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"सारू," ते म्हणाले. पण रोज सकाळी वही घेऊन बसायचे. मी रोज कंपनीला ईमेल लिहायची.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनी चहाचा कप उचलायला हात पुढे केला तो बशीच्या बाहेर. मला वाटलं, झोपेत आहेत. "मधलं काही दिसत नाही गं," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात. कडेचा उजेड तेवढा उरला. डॉक्टरांनी तपासलं आणि आता उपाय नाही म्हणून सांगितलं.

कंपनीने माझं म्हणणं मान्य केल्याचा ईमेल त्यानंतरच्या आठवड्यात आला. फुकट दुरुस्ती. मी जिंकले! लॅपटॉप घरी आला, नवं झाकण, नवी बिजागरी, आणि कुरकुर तश्शीच.

मी हट्टाने वही उघडून बाबांजवळ बसले. म्हटलं, मी अक्षरं कशी दिसतात ते सांगते, तुम्ही ओळखा. "वर गाठ आहे, मग खाली वळण, मग पुन्हा गाठ." मोडीत सगळ्याच गाठी आणि सगळीच वळणं. तासाभरात दोन शब्द लागले, त्यातला एक बाबांना पटेना. ते घामाघूम झाले होते. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की तेव्हा लिहून घेतलं असतंस तर. म्हणाले असते तर मी निदान भांडले असते.

"किती पानं राहिली?" त्यांनी विचारलं.

अर्ध्याहून जास्त वही राहिली होती. मी म्हटलं, "पाच-सात असतील."

त्यांनी माझ्या हातातून वही घेतली. वाचलेली पानं डाव्या चिमटीत धरली, उरलेली उजव्या, आणि दोन्हींची जाडी थोडा वेळ चाचपत राहिले.

"मग झालंच की," म्हणाले, आणि वही मिटून माझ्याकडे दिली.