पित्तराचं ताट

दिग्रसला गेलात तर कापसाच्या जिनिंगच्या बाजूच्या हॉटेलात दुपारच्या आत भजी खा, नंतर तेल उतरलेलं असतं. कळंबला चतुर्थीची गर्दी सोडून कधीही जा आणि देवळाच्या रस्त्यावर आलुबोंडा खा. खाण्याच्या बाबतीत माझा शब्द आमच्या जिल्ह्यात चालायचा, कारण मी नुसता खादाड नव्हतो, फिरता खादाड होतो. साठ सालाच्या पुढे मी मलेरिया खात्यात लागलो. घरोघरी जायचं, ताप आला होता का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि गोळ्या द्यायच्या. दिवसभर पायपीट आणि जिथे पोहोचू तिथे जेवण.

पण हॉटेलात शिरताना मला चवीच्या आधी दुसरंच काही पाहावं लागे. गल्ल्यावरचा माणूस ‘कोन्या गावचे?’ विचारतो, की ‘कोनाचे?’ विचारतो. गावाचं उत्तर द्यायला मला काही अडचण नव्हती. ‘कोनाचे’ म्हणजे जात. छप्पन साली वडील नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, दारू सोडली, मटणसुद्धा सोडलं आणि आम्हालाही सोडायला लावलं. आमचं सगळं बदललं, फक्त हॉटेलवाल्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळंबच्या त्या आलुबोंड्याच्या दुकानात आमच्यासाठी बाहेर वेगळं बाकडं होतं आणि चहाचा कप आपला आपण विसळून ठेवावा लागे. मी चिडायचो, आणि चिडून आणखी एक आलुबोंडा मागवायचो. इतका चांगला पदार्थ इतक्या कोत्या माणसाच्या हातून कसा होतो, हे मला अजून कळलेलं नाही.

मग माझी बदली बोरी अरबला झाली. सरकारी दवाखान्याच्या मागे एक खोली मिळाली. बाजाराच्या वाटेवर एका विधवा बाईची खानावळ होती. ती शेतकरी घरातली. नवरा गेल्यावर दिरांनी तिला शेतीतून बाजूला केलं, आणि तिने चार लोकांना पैसे घेऊन जेवू घालायला सुरुवात केल्यावर तर भाऊकीने तिच्याकडे येणं-जाणंच तोडलं. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायला लागलो.

तिच्या हातच्या जेवणाबद्दल काय सांगू? हिवाळ्यात हिरव्या तुरीचे दाणे, आम्ही त्यांना सोले म्हणतो, त्या सोल्यांची आमटी ती अशी करायची की भाकर मोडायला हात थांबत नसे. पाटोडीच्या रश्श्यावर तर्री असायची, पण ती नुसती दिसायला लाल नसायची. जवसाची चटणी पाट्यावरची. अंबाडीची भाजी मला लहानपणापासून आवडत नव्हती, ती तिने मला खायला शिकवली. वाढताना तिचा हात आखडत नसे. नको म्हटलं तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

तिने मला कधी ‘कोनाचा’ म्हणून विचारलं नाही. माझं आडनाव कुणब्यांतही चालतं, अंगावर खात्याचे धुतलेले कपडे, बोलणं शाळेत शिकलेलं. त्यात रविवारी ती मटण करायची आणि मी ते घेत नसे. पहिल्या रविवारी तिने कारण विचारलं. मी म्हटलं, आमच्या घरी चालत नाही, दारूही चालत नाही. तिने कौतुकाने मान हलवली आणि शेजारच्या जेवणाऱ्याला सांगितलं, की पोरगा माळकरी घरचा आहे. त्या दिवसापासून रविवारी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात पाटोडी व्हायला लागली. वडिलांनी ज्या देवांना सोडताना मटणही सोडलं होतं, त्यांच्याच भक्तांच्या पंगतीत मी जाऊन बसलो. मला हसूही आलं. मी खोटं बोललो नव्हतो. गावातल्या बौद्ध वस्तीत मी रक्त तपासायला जायचो, तिथल्या लोकांना मी कोण ते ठाऊक होतं. त्यांनी बाहेर चकार शब्द काढला नाही.

मावशीचा एकुलता एक मुलगा तापात गेला होता. मी मलेरियाचा माणूस म्हणून असेल, ती त्याच्याबद्दल माझ्याशी बोलायची. तो असता तर तुझ्याएवढा असता, म्हणायची. त्या वेळी तुमच्या खात्यातलं कोणी गोळ्या घेऊन आलं असतं तर, असंही म्हणायची, आणि मला उगाचच आपण उशीर केल्यासारखं वाटायचं.

चैत्र संपत आला तसं तिचं वागणं बदललं. जेवताना ती माझ्यासमोर बसून राहायची, काही बोलायला जायची आणि उठून आत जायची. एके दिवशी बाकीचे लोक गेल्यावर तिने विचारलंच.

“बापू, अक्षय्य तृतीयेले माह्या पोराचा पित्तर म्हून बसशीन का?”

आमच्या भागात अक्षय्य तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने त्याच्याच वयाच्या कोणाला तरी जेवायला बोलावतात. त्याला पित्तर बसवणं म्हणतात. पुरणपोळी, कढी, वडे, कुरडया, आंब्याचा रस, सगळं त्याच्या पानात वाढायचं. तो जेवला की गेलेला माणूस जेवला. तोपर्यंत घरातली बाई तोंडात पाणीसुद्धा घालत नाही, आणि पित्तर जेवल्याशिवाय घरात नवा आंबाही कोणी खात नाही. मावशीच्या भाऊकीतलं कोणी येत नव्हतं. शेजारचा एक मुलगा बसायचा, तो पुलगावच्या गिरणीत लागला. दोन वर्षं तिचा मुलगा उपाशी राहिला होता. ती हे अशा आवाजात म्हणाली, की खरोखरच कुठेतरी कोणी ताटाची वाट पाहत बसलं असावं.

उद्या सांगतो म्हणालो. खोलीवर आलो आणि नुसता येरझारा घालत राहिलो. एक तर हे आमच्यात बंद झालं होतं. वडिलांनी देव सोडले त्याच दिवशी सांगितलं होतं, की यापुढे या घरात श्राद्ध नाही, पित्तर नाही. माझी एक बहीण लहानपणी गेली होती. आई दरवर्षी तिच्या नावाने वस्तीतल्या एखाद्या मुलीला जेवू घालायची. आईने वडिलांचा हुकूम मानला, पण पुढच्या उन्हाळ्यात तिने रस खाल्ला नाही, आणि पुढेही कधी खाल्ला नाही. त्यामुळे मावशी काय मागते आहे हे मला पुरतं कळत होतं. आणि दुसरं म्हणजे, मी कोण हे तिला माहीत नव्हतं. माहीत नसताना बसलो, तर तिच्या हिशेबाने तिच्या मुलाचंच पान बाटणार होतं. रोजच्या जेवणाचे मी पैसे देत होतो, तिथे मला कोणाची भीड नव्हती. हे ताट पैशाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला सांगून टाकलं. ती परातीत पीठ मळत होती. मी म्हटलं, मावशी, आम्ही माळकरी नाही, आम्ही बौद्ध आहोत. छप्पनच्या आधी गाव आम्हाला काय म्हणत होतं तेही सांगितलं. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, पिठाकडेच पाहत राहिली. मग म्हणाली, की भाकरी जळेल. तव्यावर भाकर नव्हतीच.

त्या दिवशी तिने मला वाढलं. दुसऱ्या दिवशीही वाढलं, त्याच ताटात, पण बोलली नाही. मी जेवत होतो आणि मला चव लागत नव्हती. एवढं चांगलं अन्न असं बेचव लागावं याचा मला भयंकर राग येत होता. वाटायचं, उद्यापासून येऊ नये. आणि दुपार झाली की पाय तिकडेच वळायचे, कारण त्या गावात दुसरीकडे कुठे मला कोणी ‘अजून घे’ म्हणत नव्हतं.

तृतीयेच्या आदल्या दिवशी तिने मला थांबवलं. डोळे सुजलेले होते.

“तू बस बापू. मी लय इचार केला,” ती म्हणाली. “पन कोनाले सांगू नको.”

तिच्यासारख्या बाईला इथपर्यंत यायला किती जड गेलं असेल, ते मला कळत होतं. तरी ते ‘कोनाले सांगू नको’ मला लागलं. वडील नागपूरहून आले ते हेच वाक्य संपवून आले होते. मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की पित्तर म्हणून मला बसता येणार नाही, आमच्यात ते सुटलं आहे. पण तुम्ही बोलावलंत तर मी जेवायला येईन, सगळ्यांच्या देखत येईन, मी म्हणून येईन.

“तू म्हून तं तू रोजच जेवतं,” ती म्हणाली. “मले त्याले जेवू घालाचं हाये.”

इतके महिने मला वाटत होतं, की ही बाई माझ्यावर माया करते. करतही असेल. पण ताट वाढताना तिच्या डोळ्यांपुढे दुसराच कोणी असायचा. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली, कारण मेलेल्या मुलाचा हेवा करणारा माणूस जगात मी एकटाच असेन.

तृतीयेला खानावळ बंद होती. मी खोलीतच पडून राहिलो. बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं, कुत्रंसुद्धा रस्त्यावर नव्हतं. बऱ्याच वेळाने दार वाजलं. मावशी उभी होती, डोक्यावरून पदर, हातात फडक्याने झाकलेलं ताट. घामाने चोळी चिंब झाली होती, ओठ सुकून पांढरे पडले होते.

पित्तर बसवलाच नाही, म्हणाली. कोणी मिळालं नाही. कावळ्याला ठेवलं, तर कावळाही आला नाही. मग मनात आलं, की आज खानावळ बंद, तू उपाशी असशील.

तिने ताट उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि स्वतः बाहेर भिंतीच्या सावलीला बसली. पुरणपोळी होती, वडे होते, वाटीत रस होता. मी तिच्यासमोर बसून जेवलो. कोणाच्या नावाने जेवलो ते मी तिला सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. ती प्रत्येक घासाकडे पाहत होती. मी रसाची वाटी तोंडाला लावली, तेव्हा तिने डोळे मिटून घेतले.

ताट धुऊन मी तिला दिलं. सकाळपासून तिच्या तोंडात पाण्याचा थेंब गेलेला नसणार, हे दिसतच होतं. मी माठातलं गार पाणी गडूत भरून तिच्यापुढे धरलं. तिने गडूकडे पाहिलं. हात पुढे येतोसा वाटला, मग तिने तो पदराआड नेला.

“तहान नाही, बापू,” ती म्हणाली.

ती उठली आणि उन्हातून चालू लागली. मी गडू हातात घेऊन दारात उभा होतो. चौकातल्या विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. मावशी तिच्याजवळ थांबली, ताट खाली ठेवलं, वाकून ओंजळ पुढे केली आणि पाणी पिऊ लागली. ती बाई पोहरा ओतत राहिली आणि मावशी पीत राहिली.