भाऊबीजेला जावई वावरात

मला साडूचा हेवा वाटतो, असं कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. पुण्याला कंपनीत इंजिनिअर आहे. माणूस वाईट नाही आणि माझी खरी अडचण तीच आहे. वाईट असता तर निवांत नावं ठेवता आली असती. तो आपला लग्नकार्यात पंगतीत वाढतो, म्हाताऱ्यांच्या पाया पडतो, पोरांना गोष्टी सांगतो. मी अंबडच्या कोर्टात कारकून. पोरांना सांगण्यासारखं माझ्याकडे फक्त पुढची तारीख असते.

मागच्या उन्हाळ्यात ह्या साडूने कॅम्परव्हॅन भाड्याने घेतली, बायकापोरांना घालून कोकण फिरून आला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकले. समुद्र, वाळू, वाळूत उभं चाकांवरचं घर, घराच्या दारात चहाचा कप घेतलेला साडू. माझी मुलगी सात वर्षांची. तिने ते फोटो इतक्या वेळा पाहिले की मोबाइल तापला.

"पप्पा, काकांच्या गाडीत बेसिन आहे."

"बेसिन आपल्या घरी पण आहे."

"ते चालत नाही ना."

तिला म्हणायचं होतं की आपलं बेसिन गावोगाव फिरत नाही. पण आमच्या घरच्या बेसिनचा नळही तेव्हा बिघडलेला होता, त्यामुळे मला ते दोन्ही बाजूंनी लागलं. अशा गाड्या घाटात उलटतात, असं मी ठोकून दिलं. चार वर्षांच्या धाकट्याने लगेच विचारलं, "काका उलटले का?" नव्हते उलटले. त्याचंही मला थोडं वाईट वाटलं असावं.

तेव्हापासून घरात जे होईल ते काकांच्या मापाने मोजलं जाऊ लागलं. मी पोरांना जालन्याला सर्कस दाखवली, तर परत येताना एसटीत पोरगी म्हणाली, "काकांच्या गाडीत झोपून येता आलं असतं." दिवाळीच्या तोंडावर मी बायकोला सांगितलं, भाऊबीजेला तुझ्या माहेरी कुंभार पिंपळगावला जायचंच आहे, तर आपणही तसली गाडी घेऊन जाऊ.

बायकोने भाजी निवडता निवडता वर पाहिलं. "अहो, माहेर तासा-दीड तासावर. तिथं घर आहे, सहा खाटा आहेत. गाडीत कशाला झोपायचं?"

"पोरांना अनुभव."

"पोरांना का तुम्हाला?"

सतरा वर्षं संसार केलेल्या बाईपासून काही लपत नाही. पण तिने अडवलंही नाही.

गाडी संभाजीनगरहून आणली. आत दोन बिछाने, त्यांतला एक वरचा, शिडी लावून चढायचा. गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, बेसिन आणि कोपऱ्यात एवढासा संडास. मुलीने सगळं फिरून पाहिलं, वरच्या बिछान्यावर चढली आणि छताला हात लावून म्हणाली, "काकांच्या गाडीला इथं खिडकी होती."

वाट थोडी वाकडी करून गाडीचं तोंड मी शहागडच्या दिशेने केलं. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडे ट्रक उभे असतात तिथे थांबलो, कारण फोटोत मागे पाणी हवं होतं. समुद्र नाही तर नाही, नदी तर आहे. बायकोने आत चहा ठेवला, मी बाजूचं दार उघडून कप घेऊन साडूसारखा उभा राहिलो आणि मुलीला म्हणालो, काढ. ती काढणार तेवढ्यात एक ट्रकवाला टॉवेल झटकत आला.

"भाऊ, एक चहा द्या. नाष्ट्याला काय हाय?"

"ही गाडी आमची आहे. घरगुती."

"बराबर. मंग घरगुती काय हाय?"

बायकोने त्याला चहा दिला. फोटो आला तो असा, की मी एका माणसाला चहा विकून राह्यलोय. तो ग्रुपवर टाकायची सोय नव्हती.

कुंभार पिंपळगावात माझ्या मेव्हण्याचं, म्हणजे बायकोच्या भावाचं घर गावाच्या कडेला आहे. मागच्या दारातून पाऊल टाकलं की त्यांचं वावर. अलीकडे सोयाबीन काढून मोकळा झालेला तुकडा आणि पलीकडे ऊस. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरांचे मुके घेतले आणि गाडीत डोकावल्या.

"हे काय बाई?"

"शेगडी, आई. सैपाकाला."

"आन् हे?"

"संडास."

सासूबाईंनी शेगडी पाहिली, संडास पाहिला, मधलं अंतर पाहिलं. मग पदर तोंडाला लावून मागे सरल्या. "जावईबापू, सैपाक घरातच व्हईल," एवढंच म्हणाल्या. पुढे त्या गाडीच्या बाजूला फिरकल्या नाहीत.

आम्ही गाडीतच झोपणार, असं मेव्हण्याला सांगितलं तेव्हा तो आधी हसला. मग मी खरंच बोलतोय हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"दाजी, आसं करू नका. घर आसतानी जावई वावरात झोपला तर गाव काय म्हनल? म्हनतील भाऊबीजेला भयीन आल्ती, ह्यानं घरात घेतलं न्हाई."

"अरे, पोरांची हौस आहे."

"मंग अंगणात लावा. लिंबाखाली."

अंगणात लावली असती तर मागे गोठा आणि कडब्याची गंजी आली असती. मला फोटोत ऊस हवा होता आणि उसावर मावळतीचं ऊन. मी मोकळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

"तिथं भुई मऊ हाय, दाजी. आज रातची लाईट हाय, उसाला पानी सोडायचंय. तसा बांध मजबूत हाय, पर..."

पुढचं मी ऐकलंच नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, काळ्या मातीत वाढलेला मी. वरून वाळलेली दिसणारी ही माती खालून कशी असते हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. पण मला तेव्हा माती दिसत नव्हती, ग्रुप दिसत होता. गाडी मी उसाला लागून उभी केली. पोरीने फोटो काढला. खरंच बरा आला. मी तो टाकला आणि अंगठे मोजत बसलो.

तेवढ्यात साडू आला.

तो कॅम्परव्हॅन घेऊन आला नाही. आपली साधी मोटार अंगणात लिंबाखाली लावली, इस्त्रीचा पांढरा कुर्ता सावरत उतरला, अनारशांचा डबा सासूबाईंच्या हातात दिला, वाकून पाया पडला आणि चप्पल काढून ओसरीवर मांडी घालून बसला. त्याचा मुलगा, माझ्या मुलीहून वर्षाने मोठा, तोही तसाच पांढऱ्या कुर्त्यात. त्याची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, लगेच स्वयंपाकाला लागली.

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "पुन्याचे आसून कसं घरच्यावानी बसत्यात बघा. कायबी थाट न्हाई." आणि का कोण जाणे, वावराकडे बघितलं.

मी थाट करावा तेव्हा ह्याने साधं राहावं, हे माझ्या हिशोबातच नव्हतं. मेव्हणा त्याला पाणी देत होता, पाठीला लोड देत होता आणि मधूनच माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की बघा, जावई असा असतो. माझी दोन्ही पोरं काकांच्या मांडीला मांडी लावून बसली होती. काका समुद्राची गोष्ट सांगत होते. गाडीच्या छताच्या खिडकीतून चांदण्या कशा दिसल्या, खेकडा शिडीवर कसा चढला. माझी पोरगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझ्या गोष्टीला तिचं तोंड असं कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. जांभई सोडून.

जेवणं झाल्यावर साडू गाडी बघायला आला. आतून फिरला, बेसिनचा नळ सोडून पाहिला.

"छान आहे की, साडूभाऊ. आमची जरा मोठी होती एवढंच. आणि आम्हाला तर दुसऱ्या दिवसापासून कंटाळाच आला होता."

एखाद्याला ज्याची आस लागावी, त्याचा दुसऱ्याला कंटाळा आलेला असावा, ह्याहून वाईट काय असतं? मी म्हणालो, "आम्हाला नाही कंटाळा येत."

पोरं गाडीत झोपायला आली, पण बायकोने हाताला धरून आणली तेव्हा. वरच्या बिछान्यावर पडल्या पडल्या पोरगी छताकडे बघत म्हणाली, "काकांनी चांदण्या मोजल्या होत्या म्हणे." मी दिवा बंद केला आणि कूस बदलली.

सकाळी जाग आली ती धाकटा माझ्या छातीवर घरंगळत आला म्हणून. आधी वाटलं पोरगं लोळलं. मग दिसलं की उशी, पाण्याची बाटली, बायकोची पर्स, सगळंच एका बाजूला लोळलंय. उठून दार उघडलं, पाय खाली टाकला आणि तो नडगीपर्यंत आत गेला. दुसरा टाकला, तोही गेला. पहिला वर आला, चप्पल खालीच राहिली. उसाचा बांध फुटला होता. रात्रभर पाणी अलीकडच्या तुकड्यात शिरलं होतं आणि गाडीची डावी दोन चाकं काळ्या मातीने गिळली होती.

मेव्हणा धावत आला. "दाजी, माझ्या पान्यानं केलं हो हे. आता गाव काय म्हनल? जावयाला घरात न्हाई घेतलं, वावरात झोपवलं आन् वरून पानी सोडलं!"

गाव जे म्हणायचं ते समोर येऊनच म्हणायला लागलं. घटकाभरात बांधावर अर्धी गल्ली उभी राहिली.

"ही सरकारी गाडी हाय का?"

"न्हाई, पिंपळगावचे जावई हायेत. अंबडचे."

"अंबडला घर न्हाई का त्याह्यला?"

"आसंल की. पर भाऊबीजेला कोन घर घिऊन येतं?"

मी चाकाखाली दगड सारत होतो आणि हे सगळं ऐकत होतो. ओसरीच्या पायरीवर साडू चहाचा कप घेऊन उभा होता. कुर्ता अजून पांढरा. मी असा कमरेपर्यंत काळा. तोही मदतीला निघाला होता, पण मेव्हण्यानेच हात जोडले, "तुम्ही बिलकुल येऊ नका, एक जावई चिखलात हाय तेवढा बास." खरं सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात एकच होतं. पोरीने हे बघायला नको. काकांच्या फोटोत समुद्र आणि पप्पांच्या फोटोत हे.

ट्रॅक्टर आला. साखळी लावली. बायको उतरली, पण पोरं उतरेनात.

"पप्पा, आम्ही आतच बसणार!"

मेव्हणा म्हणाला, "बसू द्या, दाजी. त्यांचं काय वजन. पर जल्दी करा, भुई आनखी मऊ व्हऊन राह्यली."

ट्रॅक्टरने ओढ दिली. गाडी हलली, पुन्हा बसली. बांधावरचे लोक "हा, हा, हा!" करून ओरडले. पुन्हा ओढ. चिखलाचा फवारा उडून खिडकीवर आदळला आणि आतून दोन्ही पोरांची किंकाळी आली. मी खिडकीशी गेलो, हाताने काच पुसली. आत पोरगी बिछान्याचा दांडा धरून उभी होती, केस पिंजारलेले, तोंड उघडं. हसत होती. धाकटा तर टाळ्याच पिटत होता.

"पप्पा, अजून! अजून ओढायला सांगा!"

मी ट्रॅक्टरवाल्याकडे वळून "अजून!" म्हणालो. ते त्याला सांगायची तशी गरज नव्हती.

गाडी बाहेर पडली तेव्हा गावाने टाळी वाजवली. दार उघडून पोरगी उतरली, ती थेट ओसरीकडे पळाली. मला वाटलं झालं, काकांकडे चालली. पण ती थांबली मावसभावासमोर. तो पायरीवर उभा होता, पांढऱ्या कुर्त्यात, आईने दंडाला धरून ठेवलेला.

"आमची गाडी फसली!" ती धापा टाकत म्हणाली. "अर्धी आत गेली होती. पाणी आलं, ट्रॅक्टर आला, पप्पांची चप्पल मातीनं खाल्ली. तुमची फसली होती का?"

त्याने बापाकडे बघितलं. "पप्पा, आपली फसली होती का?"

"नाही रे. आपण डांबरी सोडली कुठे?"

"का नाही सोडली?"

पोराचा ओठ बाहेर आला. मग तो म्हणाला, मला त्यांच्या गाडीत बसायचंय, आणि ती पुन्हा फसवायला सांगा. आई म्हणाली, नवे कपडे आहेत, खबरदार. त्यावर त्याने असं भोकाड पसरलं की बांधावरून घरी निघालेले लोक परत फिरले.

साडू त्याची समजूत काढत होता. काढता काढता त्याने माझ्याकडे पाहिलं. अनवाणी, कमरेपर्यंत चिखल, केसांत उसाचं पाचट. आणि माझ्या दोन्ही हातांना लोंबकळणारी माझी पोरं, तीही आता माझ्याच रंगाची. ती नजर मी लगेच ओळखली. सहा महिने मोबाइलमध्ये फोटो बघताना माझी तीच असायची.

मी चांगला माणूस असतो तर नजर वळवली असती. मी जवळ गेलो आणि त्याच्या पांढऱ्या खांद्यावर हात ठेवला. पूर्ण पंजा.

"मनाला लावून घेऊ नका, साडूभाऊ," मी म्हणालो. "पुढच्या भाऊबीजेला तुम्ही गाडी घेऊन या. मी मेव्हण्याला पाणी सोडायला सांगतो."